अनारसे, माग आणि तुमचे वेळापत्रक

दिवाळीच्या फराळाची सुरुवात कोणत्या पदार्थाने होते, हे तुम्ही कधी नीट पाहिले आहे काय? डबे भरतात ते चिवड्याने, शेवेने आणि लाडवांनी. पण ज्या घरात अनारसे होतात, त्या घरात पहिले काम असते तांदूळ भिजत घालण्याचे, आणि तेही दिवाळीच्या दहा-बारा दिवस आधी. तांदूळ तीन दिवस भिजायचे, त्यांचे पाणी रोज बदलायचे, मग ते फडक्यावर पसरून कोरडे करायचे, कुटायचे, गूळ मिसळून गोळे करायचे आणि ते डब्यात चार-पाच दिवस मुरू द्यायचे. त्यानंतरच कढई चढते. या साऱ्या काळात माणसाचे हात चालतात ते मोजके काही तास. उरलेले दिवस पाणी, तांदूळ आणि गूळ आपापले काम करीत असतात. चिवडा मात्र आदल्या दिवशी तासाभरात होतो. एखाद्याने आधी चिवडा, मग चकली, मग लाडू आणि हे सगळे उरकल्यावर अनारसे असा क्रम लावला, तर त्याचे अनारसे भाऊबीज उलटून गेल्यावर तळले जातील.

आजीला हे कोणी शिकवले नव्हते. कारखानदारीला मात्र ते रीतसर शिकावे लागले. इ. स. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यू पाँट या रसायने बनवणाऱ्या कंपनीपुढे मोठमोठे कारखाने उभारण्याच्या कामांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न होता. शेकडो कामे, त्यांतली काही एकमेकांवर अवलंबून, काही स्वतंत्र. त्या कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि संगणक बनवणाऱ्या रेमिंग्टन रँड कंपनीचे जेम्स केली यांनी मिळून एक रीत बसवली. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, अमेरिकेच्या नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी तशाच प्रकारची दुसरी पद्धत तयार केली. या रीतीचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: एकमेकांमागून करावयाच्या कामांची जी साखळी सर्वांत लांब, तीच सगळ्या कामाचा शेवट ठरवते. तिला आपण ‘निर्णायक मार्ग’ म्हणू. फराळात तो मार्ग अनारशांवरून जातो.

प्रदर्शनाला एकवीस दिवस

आता तुमच्या घरातले उदाहरण घेऊ. शाळेचे विज्ञान प्रदर्शन एकवीस दिवसांवर आले आहे असे समजा. तुम्ही विषय निवडला आहे ‘खारट पाण्यात ज्वारी कशी उगवते?’ विषय चांगला आहे. आपल्या सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी प्रसिद्ध, आणि बागायतीत पाणी बेताने न दिल्यास जमिनी खारवट होतात हेही शेतकऱ्यांना ठाऊक. आता कामे मोजा. बियाणे, बशा, मीठ, टीपकागद जमवायला २ दिवस. अंकुरणाचा प्रयोग आणि रोजची मोजमापे, १० दिवस. आलेख काढायला २ दिवस. पुस्तके वाचून टिपणे काढायला ४ दिवस. फलक लिहायला ३ दिवस. मांडणीसाठी पुठ्ठ्याचा व लाकडी पट्ट्यांचा सांगाडा करायला ३ दिवस. शेवटी परीक्षकांपुढे बोलायचा सराव, २ दिवस. बेरीज होते २६ दिवस.

हाताशी आहेत २१ दिवस. तेव्हा विषय सोडून द्यावा काय? थांबा. सगळीच कामे एकापुढे एक करावी लागत नाहीत. साहित्याशिवाय प्रयोग नाही, प्रयोगाशिवाय आलेख नाही, आलेखाशिवाय फलक नाही आणि फलकाशिवाय सराव नाही. ही साखळी झाली २ + १० + २ + ३ + २ = १९ दिवसांची. टिपणे आणि सांगाडा या साखळीत नाहीत. बशांमध्ये ज्वारी उगवत असते तेव्हा तुम्हाला दिवसाकाठी अर्धा तास मोजमाप करावे लागते. उरलेल्या वेळात टिपणे होतील आणि सांगाडाही होईल. म्हणजे काम १९ दिवसांत होते आणि दोन दिवस शिल्लक राहतात.

आता मुले प्रत्यक्षात काय करतात ते पाहा. मी अनेक प्रदर्शनांत परीक्षक म्हणून गेलो आहे. सांगाडे सुबक असतात, रंगीत असतात, त्यांवर जिलेटीनचा कागद असतो. आणि आलेखाच्या जागी तीनच बिंदू असतात. कारण उघड आहे. सांगाडा रंगवायला मौज वाटते, म्हणून तो पहिल्यांदा होतो. मग टिपणे. सात दिवस असे गेले की बिया आणायला बाहेर पडायचे. सात दिवस आणि साखळीचे एकोणीस मिळून सव्वीस! मग दहा दिवसांचा प्रयोग पाच दिवसांत ‘बसवला’ जातो. ज्वारीला घाई नसते. तिने दहाव्या दिवशी काय केले असते हे पाचव्या दिवशी कळणार नाही, आणि ते अंदाजाने लिहिणे म्हणजे विज्ञानाला सोडचिठ्ठी देणे होय.

प्रत्येक कामाला किती सवड आहे, हेही काढता येते. टिपणे चौदाव्या दिवसाच्या अखेरीपर्यंत झाली तरी चालतात, कारण फलक पंधराव्या दिवशी सुरू व्हायचा आहे. टिपणांना लागतात ४ दिवस, म्हणून सवड १० दिवसांची. सांगाडा सतराव्या दिवसापर्यंत लागतो. त्याला सवड १४ दिवसांची. प्रयोगाला सवड शून्य. म्हणून टिपणे चारऐवजी दोन दिवसांत उरकली तर प्रदर्शन एका तासानेही जवळ येत नाही. पण बियाणे आणायला एक दिवस उशीर झाला तर सगळेच एक दिवस पुढे जाते. आणि बशीला बुरशी आली तर? राखीव दोन दिवस पुरणार नाहीत. म्हणून जेथे सवड शून्य तेथे पहिल्याच दिवशी बशांचे दोन संच लावावेत. दोन मूठ ज्वारीला फारसा खर्च येत नाही.

मागावर किती बीम?

आतापर्यंत आपण एकच काम धरले. पण तुमच्या पाठीमागे एकच काम कोठे असते? दहावीचे सहा विषय, प्रयोगवह्या, स्काउटचे शिबिर, घरी बहिणीच्या लग्नाची धावपळ आणि जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा. येथे निर्णायक मार्ग अपुरा पडतो आणि दुसरी एक पद्धत उपयोगी येते. ती मोटारींच्या कारखान्यात वाढली, पण तिचे मूळ मागाशी आहे, म्हणून सोलापूरकरांना ती परकी वाटू नये.

आपल्या शहरात १८७७ पासून जिचा भोंगा वाजू लागला ती ‘जुनी गिरणी’ कधीच बंद झाली, तरी पूर्व भागातले यंत्रमाग आणि त्यांवरच्या चादरी-टॉवेल ही शहराची ओळख राहिली आहे. चादर विणण्यापूर्वी सूत रंगते, कांड्या भरतात, उभ्या धाग्यांचा ताणा बीमवर गुंडाळतात, बीम मागावर चढतो. नक्षी जॅकार्डने उमटते: भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ, कोणत्या फेरीला कोणते उभे धागे उचलायचे हे ठरवते. नक्षी बदलायची तर ती माळ उतरवून दुसरी चढवावी लागते. नवा ताणा लावायचा तर शेकडो-हजारो धागे जुन्या टोकांना एकेक करून सांधावे लागतात. म्हणून कोणताही शहाणा कारखानदार एकाच मागावर सकाळी मोराची, दुपारी फुलांची आणि संध्याकाळी चौकटीची नक्षी घेत नाही. विद्यार्थी मात्र अर्धा तास भूमिती, वीस मिनिटे इतिहास, मध्ये मोबाईलवरचा निरोप आणि परत भूमिती असे बेलाशक करतात. प्रत्येक वेळी डोक्यातले धागे नव्याने सांधावे लागतात, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

जपानमध्ये साकिची टोयोडा या सुताराच्या मुलाने मागावर आयुष्य घालवले. त्याच्या १९२४ च्या स्वयंचलित मागात धोट्यातले सूत संपत आले की माग न थांबता धोटा बदलला जाई, आणि उभा धागा तुटला की माग आपोआप थांबे. १९२९ मध्ये इंग्लंडमधील प्लॅट ब्रदर्स या प्रख्यात यंत्र-कंपनीने त्या मागाचे हक्क विकत घेतले. याच घराण्याने पुढे टोयोटा मोटार कंपनी काढली. तेथे ‘कानबान’ पद्धत बसवणारे ताइची ओनो हे १९३२ मध्ये याच घराण्याच्या सूत-कापड गिरणीत नोकरीला लागले होते आणि १९४३ मध्ये मोटारींकडे आले. कानबान या जपानी शब्दाचा अर्थ पाटी. दोन खात्यांच्या मध्ये एक कार्ड फिरते. पुढच्या खात्याने भाग वापरून कार्ड परत पाठवले तरच मागच्या खात्याने नवा भाग करावा, नाहीतर हात बांधून बसावे. कार्डे मोजकीच असतात, म्हणून अर्धवट मालाचा ढीग साचत नाही. २०११ मध्ये जिम बेन्सन आणि टोनियान डीमारिया यांनी ही रीत माणसाच्या खाजगी कामांना लावून दाखवणारे पुस्तक लिहिले.

पण ढीग साचला तर बिघडले कोठे? याचे उत्तर भौतिकीच्या विद्यार्थ्याला सहज पटेल असे आहे. एका टाकीत ५०० लिटर पाणी आहे. तासाला १०० लिटर आत येते आणि तेवढेच बाहेर जाते. पाण्याचा एखादा थेंब टाकीत सरासरी किती वेळ राहील? ५०० भागिले १००, म्हणजे ५ तास. टाकी दुप्पट भरलेली ठेवा आणि प्रवाह तोच ठेवा, थेंब १० तास अडकेल. कामांचेही नेमके असेच आहे:

हातातली कामे = कामे पुरी होण्याचा वेग × एका कामाला लागणारा सरासरी काळ

हा संबंध जॉन लिटल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये गणिताने सिद्ध केला. गंमत अशी की कामे कोणत्या क्रमाने येतात, प्रत्येकाला किती कमीजास्त वेळ लागतो, याची त्याला पर्वा नाही. अट एवढीच की दीर्घकाळात जेवढी कामे येतात तेवढी पुरी व्हावीत. तुम्ही आठवड्याला ३ कामे हातावेगळी करता आणि ६ कामे उघडी ठेवता, तर एक काम सरासरी २ आठवडे लोंबकळते. तुमचा वेग तोच ठेवून १५ कामे उघडी टाका, प्रत्येक काम ५ आठवडे रखडेल. तुम्ही आळशी झालेले नसता. टाकी मोठी झालेली असते.

अजून शंका असेल तर कागद घ्या. प्रत्येकी दोन दिवसांची तीन कामे. पहिली रीत: रोज एक याप्रमाणे आळीपाळीने. ती पुरी होतात चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या दिवशी, सरासरी ५. दुसरी रीत: एक संपवून दुसरे. ती पुरी होतात दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या दिवशी, सरासरी ४. शेवटचे काम दोन्ही रीतींत सहाव्या दिवशीच संपले, कोणत्याही कामाला उशीर झाला नाही, तरी पहिली दोन आधी मोकळी झाली. धागे सांधण्याचा वेळ तर आपण हिशेबात धरलेलाच नाही.

घरी हे करायला खर्च नाही. भिंतीवर खडूने तीन रकाने आखा: ‘करायचे’, ‘चालू’, ‘झाले’. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी पाठ कापून तिकिटे करा, एका तिकिटावर एकच काम लिहा. ‘चालू’ या रकान्यात एका वेळी तीनच तिकिटे. चौथे आत घ्यायचे असेल तर तिघांपैकी एक ‘झाले’ मध्ये गेले पाहिजे. सारी शिस्त या एका नियमात आहे. मात्र तिकिटावर ‘भूमिती’ असे लिहू नका. भूमिती कधी संपत नाही. ‘वर्तुळ: स्पर्शिकेची प्रमेये, उदाहरणसंग्रहातील पहिली दहा उदाहरणे’ असे लिहा, म्हणजे ते हलवता येईल.

भरगच्च वेळापत्रकाचे गणित

परीक्षा जवळ आली की पहाटे पाच ते रात्री दहा एक मिनिट मोकळे नाही अशी वेळापत्रके भिंतीवर लागतात. शिक्षकही कौतुक करतात. मला ती पाहिली की चार माग सांभाळणारा विणकर आठवतो. धागे क्वचित तुटत असतील तर तो एका मागाचा धागा सांधून निवांत उभा राहतो. धागे वारंवार तुटू लागले की एक माग सांधेपर्यंत दुसरा थांबलेला, तिसराही थांबलेला. रांग लागते. ही रांग भाराच्या प्रमाणात वाढत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कामे अवचित येत असतील आणि प्रत्येकाला कमीजास्त वेळ लागत असेल, तर रांगेच्या साध्यात साध्या गणितानुसार खोळंबलेल्या कामांची सरासरी संख्या, हातातले काम धरून, ‘भार भागिले (१ वजा भार)’ एवढी येते. वेळेचा निम्मा भाग भरलेला असताना ही संख्या १; आठ दशांश भरलेला असताना ४; नऊ दशांशाला ९. शंभर टक्क्यांना भागाकाराचा छेद शून्य होतो, आणि शून्याने भागले की काय होते हे तुम्हाला ठाऊक आहे. पाहुणे येणार, नळाला पाणी येण्याचा दिवस असणार, ताप येणार. आठवड्यात एक संध्याकाळ मुद्दाम कोरी ठेवणारा विद्यार्थी या हिशेबाने शहाणाच ठरतो.

आणि भार आपण मोजतो तरी कसा? अंदाजाने; अंदाज तर नेहमी आपल्या बाजूचा असतो. १९९४ मध्ये ब्यूहलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी विद्यापीठातील विद्यार्थ्यांना विचारले होते की तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल. उत्तरांची सरासरी आली सुमारे ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. सगळे विपरीत घडले तर किती लागतील, या प्रश्नालाही त्यांनी सरासरी ४९ च्या आसपासचे उत्तर दिले होते, म्हणजे तेही कमीच पडले! पोलारिसच्या पद्धतीत यावर एक तोड होती. प्रत्येक कामाचे तीन अंदाज घ्यायचे: सारे सुरळीत झाले तर, बहुधा लागेल तो, आणि सारे बिघडले तर. मधल्याला चारने गुणून तिन्हींची बेरीज करायची आणि सहाने भागायचे. फलकासाठी २, ३ आणि १० दिवस असे तीन अंदाज असतील तर २ + १२ + १० = २४, भागिले ६, म्हणजे ४ दिवस धरावेत. मी स्वतः याहून सोपा उपाय पसंत करतो: मागच्या वेळी प्रत्यक्ष किती दिवस लागले ते पाहावे. त्यासाठी मागच्या वेळची नोंद असावी लागते, एवढीच त्याची किंमत.

पाटी कोणाची?

येथे शिक्षकांशी आणि पालकांशी दोन शब्द बोलले पाहिजेत. कामाचे मोजमाप करण्याचा इतिहास सगळा गोड नाही. फ्रेडरिक टेलर यांनी कामगाराच्या हालचाली घड्याळ लावून मोजल्या. १९११ मध्ये त्यांचे ‘शास्त्रीय व्यवस्थापन’ पुस्तकरूपाने आले. घड्याळ मालकाच्या हाती आणि घाम कामगाराचा, म्हणून कामगारांनी त्याला विरोध केला आणि तो समजण्याजोगा होता. यंत्रमागावर पुष्कळ ठिकाणी विणकराची मजुरी नगावर ठरते. थांबलेल्या मागाचा प्रत्येक मिनिट त्याच्या खिशातून जातो. मुलाच्या भिंतीवरची पाटी जर घरच्यांनी त्याला जाब विचारण्यासाठी वापरली, तर तीही मालकाची पाटी होईल. मूल मग सोपी सोपी तिकिटे लिहील, ‘झाले’ चा रकाना झटपट भरील, आणि पाटी खोटे बोलू लागेल. वर्गात तिला गुण देऊ नयेत, हे माझे स्पष्ट मत आहे.

टोयोटाच्या कारखान्यात आणखी एक चाल होती, जी पाटीपेक्षा मला मोलाची वाटते. काही चुकते आहे असे दिसले की साध्या कामगारालाही दोरी ओढून काम थांबवण्याचा हक्क होता. धागा तुटला की थांबणाऱ्या मागाचेच ते मोठे रूप. विद्यार्थी मित्रांनो, तो हक्क तुम्हीही घ्या. चार आठवडे न हललेले तिकीट फाडून टाकता येते. छंदवर्गाला नाही म्हणता येते. आजोबा दवाखान्यात असताना पाटी पुसून त्यांच्याजवळ बसावे. त्या बसण्याचे तिकीट करू नये.

एवढे वाचल्यावर हे खरे की खोटे हे तुम्हीच तपासून पाहा. प्रयोग सोपा आहे. चार आठवडे प्रत्येक तिकिटावर चार गोष्टी लिहा: ते ‘चालू’ मध्ये गेल्याची तारीख, ‘झाले’ मध्ये गेल्याची तारीख, सुरू करताना केलेला दिवसांचा अंदाज, आणि त्या दिवशी ‘चालू’ मध्ये एकूण किती तिकिटे होती ती संख्या. पहिले दोन आठवडे रकान्याला मर्यादा घालू नका, पुढचे दोन आठवडे तीनचीच मर्यादा पाळा. शेवटी आलेख-कागदावर आडव्या अक्षावर अंदाज आणि उभ्या अक्षावर प्रत्यक्ष लागलेले दिवस घेऊन बिंदू मांडा, आणि आरंभबिंदूतून त्यांच्या मधोमध जाणारी सरळ रेषा काढा. वर सांगितलेल्या प्रबंधांसाठी त्या रेषेचा चढ सुमारे १.६ येतो. तुमचा किती येतो ते पाहा, आणि पुढच्या वेळी प्रदर्शनाचे दिवस मोजताना प्रत्येक अंदाजाला त्याच आकड्याने गुणा. ज्वारीच्या दहा दिवसांना मात्र गुणू नका, ते तिचे तिने ठरवलेले आहेत.